तुम्ही सीमेबाहेर आहात

बेकिनकेऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथून वैजनाथाचा डोंगर
हात लांब केला तर लागेल असा वाटतो,
तिथे भरमा तुपारेचं सव्वीस गुंठे रताळं.
मी बांधावर, हातात सरकारी ॲप.
एका तुकड्याला दहा रुपये,
फोन माझा, चार्जिंग माझं, चप्पल माझी.

फोन कन्नडातून म्हणाला : तुम्ही सीमेबाहेर आहात.
चार पावलं आत सरकले, चिखलात.
अजून बाहेर.
तेवढ्यात वरून दुसरा मेसेज उतरला :
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
भरमाकाका खाली बसून हसला.
"छप्पन सालापासनं भांडूलैत दोन सरकारं,
तुझ्या फोननं एका मिनटात निकाल लावला की गं!"

मग नाव.
आधारवर भरमा.
उताऱ्यावर कुणीतरी शुद्ध करून घातलेलं, ब्रह्मा.
ॲपच्या लेखी ही माणसं दोन :
एकाची जमीन, दुसऱ्याचा अंगठा,
आणि अंगठ्याच्या रेषा कुदळीनं कधीच पुसलेल्या.

ऊस, सोयाबीन, मका, तंबाखू,
यादी खाली खाली जात राहिली, रताळं येईना.
"काका, सगळी सृष्टी केलास म्हणं,
आणि रताळं घालायला इसरलास?"
शेवटी सापडलं, तळाशी,
मातीत असतं तसंच.

त्यानंतर एक पान उघडलं. इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं,
बोटानं ढकलावं तर संपेना.
खाली एक चौकोन.
त्यात बरोबरची खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी खूण केली.
काका तेव्हा वेल उलटत होता,
पेरापेराला मुळ्या धरू नयेत म्हणून.
त्याला हाक मारायचं माझ्या मनातही आलं नाही.
अजून सतरा तुकडे राहिले होते.

दीड महिन्यानं तो तुकडा परत आला :
फोटो अस्पष्ट. नामंजूर. पीक उभे असताना पुन्हा काढा.

रताळी तोवर मार्केट यार्डात धुऊन, पोती शिवून
दिल्लीच्या ट्रकात चढलेली.
शेतात उकरलेल्या सऱ्या,
बांधाशी म्हशीसाठी वेलींचा ढीग.
नोंद नसेल तर भरपाई नाही,
पुढच्या साली सवलतीचं खतसुद्धा नाही,
हे मी पाठ केलेलं सांगितलं.
काका काही बोलला नाही. काकूला हाक मारली.
दोघांनी ढीग उचलला
आणि सऱ्यांवर वेल अंथरायला लागले,
पाहुणा आल्यावर घोंगडं अंथरावं तसं,
कोमेजलेली पानं खाली दडवत, शेंडे वर काढत.
म्हैस दाव्याला हिसके देत बघत होती,
तिचं जेवण पुन्हा शेत होत होतं.

मी फोटो काढला.
यंत्र लगेच म्हणालं : मंजूर. पीक उभे आहे.

संक्रांतीच्या आधी, पिठाच्या गिरणीत,
माझ्यासमोरच काकाचा फोन वाजला.
पलीकडे मुलीचा आवाज, गुळासारखा :
"ब्रह्माजी बोल रहे हैं?"
सव्वीस गुंठे तिला ठाऊक, शकरकंद ठाऊक,
विहिरीचं पाणी ठाऊक,
कुठलं औषध कधी मारायचं तेही.
काकानं फोन कानापासून लांब धरला,
उलटा करून मागनं बघितलं,
मग माझ्याकडे.
"ही कोण गं? कुठल्या बांधावरनं आत आली?"

पट्टा फिरत होता. पीठ उडत होतं.
मला तो चौकोन आठवला.
"काय की काका," मी म्हटलं,
आणि घशात पीठ गेल्यासारखी
उगीचच खोकत राहिले.